घराचा विमा: सोसायटीचा, बँकेचा की स्वतःचा?

"घराचा विमा आहे का?" असं विचारलं की फ्लॅटवाले सहसा दोनपैकी एक उत्तर देतात. "सोसायटीचा आहे ना", नाहीतर "लोन घेताना बँकेने कापून घेतलाय". दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. तरीही घरात गुडघाभर पाणी शिरलं तर या दोन्हींतून एक रुपयाही हाती न येण्याची शक्यता बरीच असते.

कारण सोपं आहे. हे दोन्ही विमे घराचे असलेच तरी मुख्यतः भिंतींचे, आणि आपल्याकडे पुराने नुकसान होतं ते भिंतींच्या आतलं. 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी घुसलं. इमारती उभ्या राहिल्या; तळमजल्यावरच्या गाद्या, फ्रिज, कपाटं, पार्किंगमधल्या गाड्या गेल्या. 2021 च्या जुलैत चिपळूणला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीतही पाणी ओसरल्यावर घरोघरी चिखलाने भरलेलं सामानच बाहेर काढावं लागलं. तेव्हा तिन्ही विम्यांची तुलना करताना पहिला प्रश्न हाच: सामानाचे पैसे कोण देणार?

सोसायटीचा विमा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीच्या विम्याची तरतूद आहे. हप्ता सभासदांकडून फ्लॅटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घेतला जातो. एखाद्या व्यावसायिक गाळ्यात विशिष्ट माल साठवल्यामुळे विमा कंपनीने जादा हप्ता मागितला, तर तो बोजा तशा गाळेधारकांवर टाकायचीही सोय आहे. म्हणजे मेंटेनन्सच्या बिलात तुम्ही विम्याचे पैसे भरत असालही. त्या बदल्यात काय मिळतं ते मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

वार्षिक सभेत पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे संरक्षण, रक्कम आणि मुदत लिहिलेला तक्ता, मागा. तो तुमचा हक्क आहे, सेक्रेटरींनी कपाळाला आठ्या घातल्या तरी. त्यात तीन गोष्टी बघा.

पहिली, वादळ-पुराचं संरक्षण आहे की वगळलंय. जुन्या धाटणीच्या अग्निविमा पॉलिसीत हा भाग काढून टाकला की हप्ता कमी व्हायचा, आणि चार पैसे वाचवल्याचं श्रेय घ्यायला कुठल्या कमिटीला आवडत नाही! भूकंपाचं संरक्षणही या पॉलिसीत वेगळं जोडून घ्यावं लागायचं.

दुसरी, विम्याची रक्कम. ती दहा वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर अडकलेली असेल आणि पॉलिसीत सरासरीचं कलम असेल, तर फटका मोठा बसतो. समजा, इमारत पुन्हा बांधायला 10 कोटी लागतील आणि विमा 5 कोटींचाच आहे. आगीत 40 लाखांचं नुकसान झालं. तुम्हाला वाटेल, 5 कोटींचा विमा असल्यावर 40 लाख सहज मिळतील. पण विमा निम्म्याचाच होता, म्हणून भरपाईही निम्मी, 20 लाख. उरलेले 20 लाख सभासदांच्या खिशातून.

तिसरी, मुदत कधी संपते. संपलेल्या पॉलिसीची फाईल कपाटात नीट लावून ठेवलेली सोसायटी दुर्मीळ नाही.

तुमचं सामान, तुम्ही करून घेतलेलं फर्निचर, पीओपी यांचा या विम्याशी सहसा संबंध नसतो.

बँकेचा विमा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. कर्जासोबत येणारा विमा दोन प्रकारचा असतो आणि कागद न पाहता तुमच्याकडे कुठला आहे ते कळणार नाही.

पहिल्या प्रकारात विमा घराचा नसतोच, तुमच्या जिवाचा असतो. कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज फिटतं. कर्ज जसं कमी होतं तशी विम्याची रक्कमही बहुधा उतरत जाते. हप्ता एकरकमी घेऊन कर्जातच मिसळला जातो, म्हणजे त्यावर तुम्ही वीस वर्षं व्याज भरता. विमा वाईट नाही, पण घर जळालं तर त्याचा उपयोग शून्य. शिवाय तो त्याच बँकेतून, त्याच कंपनीचा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही.

दुसरा प्रकार खरोखर घराचा, पण बँकेचं तारण सुरक्षित राहावं म्हणून काढलेला. त्यात बँकेचं नाव असतं आणि भरपाई आधी बँकेकडे जाते. सामान यात बहुतेकदा धरलेलं नसतं. कर्ज फिटलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं की हा विमा पुढे चालू आहे का, हे विचारून घ्यावं लागतं.

यात एक उलटी गफलतही होते. समजा, 700 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट 85 लाखांचा, कर्ज 60 लाखांचं, म्हणून विमाही 60 लाखांचा काढला. बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,500 धरला तर हे घर पुन्हा बांधायचा खर्च होतो साडेसतरा लाख. बाकी किंमत जागेची, आणि जागा जळत नाही की वाहून जात नाही. तुम्ही 60 लाखांवर हप्ता भरता. भरपाई मात्र बांधकामाच्या खर्चाच्या हिशोबानेच.

स्वतःचा विमा: भारत गृह रक्षा

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने घरासाठी ही प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. त्यामुळे कलमांची तुलना करत बसायला नको, हप्ता आणि दावे निकाली काढण्याची पद्धत पाहिली की पुरे.

घरासाठी विमा घेतला की इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. यादी द्यावी लागत नाही. आधीच्या उदाहरणातल्या साडेसतरा लाखांच्या बांधकामाला साडेतीन लाख. दोन टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन बेड, सोफा, लॅपटॉप, कपडे, भांडी अशी बेरीज करून बघा; साडेतीनच्या वर गेली तर जादा रक्कम जाहीर करून घ्या. रक्कम कमी पडली तरी सरासरीचं कलम इथे लावत नाहीत. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि दीर्घ मुदतीत इमारतीची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढत जाते, तेही जादा हप्त्याशिवाय. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं आत.

आता बाहेर काय, ते नीट वाचा.

घरफोडी बाहेर. हे ऐकून लोक चकित होतात. पूर किंवा आगीसारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांत चोरी झाली, तरच भरपाई. एरवी कुलूप तोडून कपाट साफ केलं तर या पॉलिसीतून काही नाही. त्यासाठी घरफोडीचा भाग असलेली हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसी लागते. दागिने मूळ पॉलिसीत नाहीत, पर्यायी कव्हर घ्यावं लागतं. व्होल्टेज वाढून टीव्ही जळाला तर तो टीव्ही बाहेर. पार्किंगमधली गाडी बाहेर. तिला सर्वसमावेशक मोटार विमा हवा, नुसता थर्ड पार्टी नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिन बसलं, तर इंजिन प्रोटेक्टचं कव्हर नसताना त्यावरून वाद ठरलेला. तुमच्या बाथरूममधून गळून खालच्यांचं छत खराब झालं तर त्यांची भरपाईही बाहेर, ती पॅकेज पॉलिसीतल्या दायित्वाच्या भागात येते. वर्षानुवर्षं मुरणारी ओल तर कुठलीच कंपनी धरत नाही.

मग घ्यायचं काय?

फ्लॅट आहे आणि सोसायटीचा विमा वरच्या तिन्ही प्रश्नांत पास होतो: इमारत सोसायटीवर सोडा, स्वतःसाठी सामानाचा आणि घरफोडीचा विमा घ्या. माझ्या मते पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी इमारतीचा विमा सोसायटीनेच नीट घेणं जास्त महत्त्वाचं. तुमच्याकडे पैसे आले तरी पाचवा मजला एकट्याने कसा बांधणार?

सोसायटीचा विमा नाही, किंवा कमिटी दाद देत नाही: भारत गृह रक्षा घ्या आणि सभेत विषय लावून धरा. दोन्हीकडे विमा झाला तरी एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, म्हणून सोसायटीचा मार्गी लागेपर्यंत लांब मुदतीत अडकू नका.

बंगला, रो हाउस, गावाकडचं घर: भारत गृह रक्षा, लांब मुदतीची. इथे दुसरा कुठला विमा आधाराला नाही.

भाड्याने राहता: इमारतीची काळजी मालकाची. फक्त सामानाची पॉलिसी मिळते, आणि ती भाडेकरू जवळजवळ कधीच घेत नाहीत.

बांधकामातला दोष असेल तर विम्याच्या आधी बिल्डरला धरा. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याची दुरुस्ती विनाशुल्क करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

आणि मुलांकडे अमेरिकेला चार-सहा महिने जाणाऱ्या आई-बाबांसाठी: घरफोडीच्या अनेक पॉलिसींत घर सलग ठरावीक दिवस, उदाहरणार्थ 30, बंद राहिलं तर संरक्षण थांबतं. तिकीट काढलं की विमा कंपनीला लेखी कळवा, मुदत वाढवून मिळते का विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या. दागिने तोवर लॉकरमध्ये.