तांबं जाळायचं की नाव जपायचं?

दिवाळीच्या सुट्टीत एकच मालिका वाचून होईल, तर मामा, कुठली घेऊ, असं भाच्यानं विचारलं आणि माझी अख्खी दुपार त्यात गेली. बाजार थंड होता म्हणून बरं. त्याच्या डोक्यात दोन नावं होती: ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' आणि अर्सुला ले ग्विनची 'अर्थसी'. गेल्या वर्षभरात मी दोन्ही वाचल्या आणि मलाही सुरुवातीला नेमका हाच प्रश्न पडला होता. जादू, राज्य, गुरू-शिष्य हे सगळं दोन्हीकडे आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आधी माझं पितळ उघडं करतो. आमचं नाशकाच्या भांडी बाजारात दुकान आहे, आजोबांपासूनचं. मोड, घट, घडणावळ हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. तेव्हा ज्या कादंबरीत माणसं धातूचा कीस गिळून पोटात 'जाळतात' आणि त्यातून शक्ती मिळवतात, तिच्याबद्दल मी तटस्थ असणं शक्यच नव्हतं. मी 'मिस्टबॉर्न'च्या बाजूनं झुकूनच पहिलं पान उघडलं.

आणि सुरुवात झकास आहे. आकाशातून राख पडते, रात्री धुकं उतरतं, हजार वर्षं एकच सम्राट गादीवर, आणि त्याला उलथवायला चोरांची एक टोळी जमते. त्यात व्हिन नावाची पोरगी, जिचा कुणावरच विश्वास नाही. मूळ धातू आठ, वर सोनं आणि आणखी एक दुर्मीळ धातू. कथील जाळलं की कान-डोळे तीक्ष्ण होतात. पोलादानं धातूच्या वस्तू दूर ढकलता येतात, लोखंडानं जवळ ओढता येतात. तांबं जाळलं की तुमची जादू लपते आणि कांसं जाळणाऱ्याला दुसऱ्याची जादू कळते. माझ्या आजीला काशाची वाटी फक्त तळपायाला तूप चोळण्यासाठी माहीत होती, पण ते असो. भेसळीचा धातू जाळला तर माणूस आजारी पडतो, हे वाचून तर मी गादीवर बसल्या बसल्या टाळी दिली. वीस वर्षं गिऱ्हाइकांना मी दुसरं काय सांगतोय!

पितळेचा प्रकार सगळ्यात मजेशीर. पितळ जाळणारा समोरच्याच्या मनातला राग हळूच खाली बसवतो. आमचे थोरले काका असेच होते. लग्नाच्या बस्त्याला आलेली दोन कुटुंबं घागरीवरून हमरीतुमरीवर आली की काका फक्त "चहा घ्या, मग बघू" एवढंच म्हणायचे आणि दोन्हीकडचे विहीणबाई-विहीणबाई करत घागर घेऊन जायचे. काकांच्या पोटात बहुधा पितळ असावं.

हिशेबाच्या बाबतीतही सँडरसनला तोड नाही. पहिल्या पुस्तकात सहज टाकलेली गोष्ट तिसऱ्यात नेमकी उपयोगी येते, रोजमेळ संध्याकाळी पैशाला पैसा जुळावा तशी. शिवाय 2006, 2007 आणि 2008 अशी लागोपाठ तीन पुस्तकं येऊन ही गोष्ट पूर्ण झालेली आहे. पुढचा भाग कधी येणार म्हणून आकाशाकडे बघत बसायला नको. भाच्याच्या वयाला हा फार मोठा मुद्दा आहे, हे मला मान्य.

मग बिनसलं कुठं? एका क्षुल्लक गोष्टीवर. कुणी म्हणेल, एवढ्यावरून का निकाल देतात. पण माझा निकाल त्याच्यावरच लागला.

पुस्तक सारखं समजावून सांगतं. व्हिन कौलांवरून उडी मारते, खाली नाणं टाकते, पोलाद जाळून नाण्याला ढकलते आणि वर उसळते. पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदाही छान वाटतं. पण मग दहाव्या मारामारीतही पोलाद ढकलतं, लोखंड ओढतं, हलकी वस्तू असेल तर ती उडते, जड असेल तर आपण उडतो, हे थोड्याफार फरकानं पुन्हा येतं. तिसऱ्या पुस्तकातसुद्धा! अरे बाबा, हजारएक पानं तुझ्याबरोबर चाललेला माणूस आहे मी. दुकानात वीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दर वेळी "हे बघा, तांबं लाल असतं आणि पितळ पिवळं" असं सांगायला लागलो, तर तो निमूटपणे पलीकडच्या दुकानात जाईल. भांडणारही नाही.

त्यात पात्रांची भुवई. कुणी काही बोललं की दुसरा भुवई उंचावतो, नाहीतर कपाळाला आठी घालतो, नाहीतर क्षणभर थांबतो. पावती पुस्तकाच्या मागच्या पानावर मी रेघा ओढायला सुरुवात केली होती. नंतर लाज वाटली आणि सोडून दिलं. हा माझा चावटपणा समजा. भुवयांनी मला हरवलं नसतं, समजावण्यानं हरवलं.

'अर्थसी' मी खरं तर त्या चिडीतच हातात घेतलं. पातळ पुस्तक, 1968 सालचं, बेटांचा नकाशा आणि गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारं एक पोर. म्हटलं, दोन दिवसांत संपवून टाकू. संपलं दोनच दिवसांत, पण मग लगेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

इथली जादू नावांत आहे. प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला ठाऊक, त्याची त्याच्यावर सत्ता. म्हणून खरं नाव कुणी सांगत नाही, चारचौघांत हाक मारायला वेगळं नाव. त्या पोराचं घरचं नाव डनी, लोकांनी पाडलेलं नाव स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिकऱ्याच्या जातकुळीतला पक्षी. आणि तेराव्या वर्षी थंडगार झऱ्यातून चालत पलीकडे आल्यावर गुरूनं दिलेलं खरं नाव गेड. पुढे जादूच्या शाळेत ही पोरं एका मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या पाठ करतात आणि मध्यरात्र झाली की कागदावरची शाई नाहीशी होते. पाठ झालं तर झालं.

हे वाचताना इंग्रजी पुस्तक वाचतोय असं मला वाटेचना. माझ्या आजोबांचं नाव रामचंद्र. आजीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, उखाण्यातलं सोडून. आणि ती राहायची नाशकात! रामकुंडाला ती "गंगेवर" म्हणायची, ते तर सगळेच म्हणतात. पण काळाराम मंदिराला "मोठं देऊळ" आणि रामनवमीला "नवमी". शेजारच्या रामभाऊंना ती "अहो, कोपऱ्यावरचे" अशी हाक मारायची आणि ते ओ द्यायचे. आम्ही पोरं हसायचो. ले ग्विन वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, आजी काहीतरी सांभाळत होती.

आणि आमच्या धंद्यातही नावाला हेच वजन आहे. आहेराचं भांडं घेतलं की लोक त्यावर नाव टाकून मागतात. ओट्याच्या टोकाला यंत्राची सुई घेऊन पोरगा बसतो, मान वाकडी करून, डोळे बारीक करून. 'चि. सौ. कां.' लिहिताना त्याची जीभ किंचित बाहेर येते. सुई टेकली की भांडं किणकिणतं आणि पांढरी बारीक रेघ उमटत जाते. तोवर तो तांब्या कुणाचाही असतो. बदलून घ्या, परत द्या, वजन करून दुसरा न्या. पण पहिलं अक्षर उमटलं की संपलं. नाव टाकलेलं भांडं आम्ही परत घेत नाही, हे दुकानात पाटी लावून सांगावं लागत नाही.

आता ज्या प्रसंगानं तराजू खाली गेला, तो सांगतो. फार फोड करत नाही. गेडच्या हातून घमेंडीपायी एक भयंकर चूक होते, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहतो, शाळेत त्याच्याकडे कुणी धड बघत नाही. त्याचा एक मित्र शिक्षण संपवून निघतो आणि निरोप घेताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगून टाकतो. बस. मिठी नाही, भाषण नाही. नाव सांगणं म्हणजे काय, हे पुस्तकानं आधी एकदा सांगितलेलं आहे, पुन्हा सांगत नाही. तुम्हाला ते आठवेल यावर लेखिकेचा भरवसा आहे. दहा पोलादी उड्यांनी जे माझं झालं नव्हतं, ते त्या दोन ओळींनी झालं. मी पुस्तक मिटलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला कुकरऐवजी कळशी काढून दिली.

दुसरा भाग, ॲटुआनच्या थडग्यांचा, मी पुरात वाचला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्या बाजाराचं लक्ष गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी त्याच्या कमरेच्या वर चाललं की खालचा माल माळ्यावर चढवायचा, हा शिरस्ता. त्या दिवशी माल चढवून झाला, वीज गेली, मी पातेल्यांच्या चळतींमध्ये विजेरी घेऊन बसलो. गोष्टीतल्या टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच घरातून नेऊन पुजारीण करतात, तिचं नाव काढून घेतात आणि मग ती जमिनीखालच्या भुलभुलैयात अंधारात हातानं भिंत चाचपत वळणं मोजत चालते. इकडे माझ्या विजेरीचे सेल उतरत आलेले, खाली पाण्याचा आवाज. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे पुस्तक इतकं आवडलं त्यात पुराचा वाटा किती आणि लेखिकेचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

'अर्थसी'त खोट नाही असं नाही. गोष्ट लांबून सांगितल्यासारखी आहे, पोवाड्यासारखी. संवाद कमी, विनोद तर जवळजवळ नाहीच, आणि 'मिस्टबॉर्न'ची टोळी एकमेकांची जशी टिंगल करते तसलं काही इथं शोधू नका. पहिल्या पुस्तकात बायकांच्या जादूला हिणवणारी म्हण आहे आणि बायका कडेकडेनंच वावरतात. ले ग्विनलाही ते पुढे टोचलं असावं, कारण तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी, 1990 साली आलेल्या चौथ्यात ती टेनारला विधवा शेतकरीण करून परत आणते आणि सगळा खेळ तिच्या अंगणातून दाखवते. ते चौथं मात्र भाच्यानं आत्ता वाचू नये. चाळिशीनंतर वाचायचं पुस्तक आहे ते, माझ्या मते.

इंग्रजीचं म्हणाल तर सँडरसन सोपा आहे, सरळ वाचत जावं. ले ग्विनचे शब्द अवघड नाहीत, पण वाक्याला ठेका आहे, घाईनं वाचलं तर हातातून निसटतं. मोठ्यानं वाचून बघा. लहानपणी ज्यांनी नाथमाधवांचा 'वीरधवल' कुणाकडून तरी ऐकलाय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. (नाथमाधवांचं खरं आडनाव पितळे. आमच्याच बाजारातलं वाटावं असं.)

तेव्हा वय सोळा-सतराच्या आसपास असेल, बुद्धिबळ आवडत असेल, डाव कसा रचला हे बघण्यात मजा येत असेल, तर 'मिस्टबॉर्न' घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पहिलं पुस्तकच चांगलं जाडजूड आहे, सुट्टी पुरेल. पण एकच गोष्ट दोनदा सांगितलेली ज्यांना सोसत नाही, त्यांनी 'अर्थसी'नं सुरुवात करावी असं मी सुचवेन. क्रम प्रकाशनाचाच ठेवा. पहिल्या तीनवर थांबलात तरी चालतं. पहिल्यात साठ-सत्तर पानं जरा कोरडी वाटतील, तिथं सोडू नका.

भाचा शेवटी जाडजूडच घेऊन गेला. मी पिशवीत पातळवालं पहिलं पुस्तकही सरकवलं, वाचून परत आण म्हटलं. त्याला दुसरंही हवं होतं, थडग्यांचं. ते नाही दिलं. त्यावर मी नाव टाकलंय.