प्लेराइट: लाल कांद्यापासून उन्हाळ कांद्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपच्या ऑटोमेटेड टेस्ट लिहायच्या असतील तर आज प्लेराइट घ्या. पण ते घेतलं म्हणजे टेस्ट आपोआप भरवशाच्या झाल्या, या आशेवर राहू नका. निम्मं काम ते चोख करतं. उरलेलं निम्मं, म्हणजे टेस्टचा डेटा, तिचं घड्याळ आणि बाहेरच्या सेवांशी असलेली तिची देवाणघेवाण, आपल्यालाच ताब्यात घ्यावं लागतं.

मी नाशिकला अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंग बघते. आमचं ॲप कांदा-टोमॅटोच्या व्यापाऱ्यांसाठी आहे. लिलावातला भाव, वजन, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब), पैसे कधी दिले, हे सगळं त्यात येतं. लाल कांद्याची आवक सुरू झाली तेव्हा जुन्या टेस्ट प्लेराइटवर आणायला घेतल्या आणि आता उन्हाळ कांदा चाळीत जातोय. हंगामात ॲपवर ताण असतो, बदल रोज जातात आणि पट्टीतला एक आकडा चुकला तर शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे पडतात. म्हणून टेस्ट लाल झाली, म्हणजे पडली, की सगळ्यांनी हातातलं काम थांबवून बघितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हे होत नाही त्याचं कारण सगळ्या टेस्टरना माहीत आहे. कोड तोच, तरी टेस्ट कधी हिरवी, कधी लाल. मग कोणीतरी म्हणतं, "परत चालव, होईल हिरवी." हे वाक्य टीमच्या तोंडी बसलं की टेस्ट असून नसल्यासारख्या. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. गुगलने २०१६ साली स्वतःचे आकडे जाहीर केले होते: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा बेभरवशीपणा होता आणि हिरव्याची लाल होण्याच्या सुमारे ८४ टक्के प्रसंगांत अशी एखादी बेभरवशाची टेस्ट गुंतलेली होती. म्हणजे लाल दिवा लागला की बहुतेक वेळा खरी चूक नसायचीच. अशा दिव्याकडे कोण बघणार?

आता प्लेराइट काय देतं ते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ते आणलं. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, पायथन, जावा आणि डॉटनेट यांतून लिहिता येतं. क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीमागचं इंजिन) तिन्हींवर चालतं. त्याची खरी ताकद थांबण्यात आहे. बटणावर क्लिक करायच्या आधी ते बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू आहे का आणि क्लिक खरोखर त्याच्यावरच पडणार आहे का, हे ते स्वतः तपासतं. शेवटची तपासणी आमच्या फार कामाची. पट्टी जतन होताना स्क्रीनवर एक फिकट पडदा येतो. बटण त्याच्याखाली दिसत असतं, पण क्लिक पडद्यावर जातो. जुन्या टेस्टमध्ये अशा ठिकाणी "तीन सेकंद थांब" असं लिहिलेलं असायचं. नेट चांगलं असलं की तीन सेकंद वाया आणि नेट रडत असलं की तेवढे पुरायचे नाहीत. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ५१ अपाची प्रकल्पांतल्या अशा टेस्टच्या दुरुस्त्या अभ्यासल्या, तर सुमारे ४५ टक्के दुरुस्त्यांच्या मुळाशी हेच होतं: उत्तराची नीट वाट न बघणं. त्यामुळे आमच्याकडे आता ठरावीक सेकंद थांबणारी ओळ रिव्ह्यूमध्येच परत पाठवली जाते. सिलेनियम या टेस्टच्या जुन्या साधनातही अटीवर थांबता येतं, पण तिथे ते लक्षात ठेवून लिहावं लागतं. इथे ते मुळातच आहे.

तरी दोन खाचखळगे राहतात. एक म्हणजे, सर्व्हरवरून तयार होऊन आलेल्या पानावर बटण दिसतं, चालूही असतं, पण त्यामागची जावास्क्रिप्ट अजून जोडली गेलेली नसते. प्लेराइट क्लिक करतं आणि तो हवेत विरतो. यावर टेस्टमध्ये उपाय शोधत बसू नका. जावास्क्रिप्ट तयार होईपर्यंत बटण बंद ठेवायला डेव्हलपरला सांगा. घाईतला व्यापारीही तिथे फुकट क्लिक करतच असतो, त्याचाही प्रश्न सुटतो.

दुसरा खळगा जास्त फसवा आहे. "एरर दिसत नाही" अशी तपासणी लिहिली तर पान उघडल्या उघडल्या ती पास होते, कारण त्या क्षणी काहीच दिसत नसतं. आधी जे दिसायला हवं ते दिसलं याची खात्री करा, उदाहरणार्थ नवा पट्टी क्रमांक, आणि मग एरर नसल्याची. तसंच "इज-व्हिजिबल" (दिसतंय का) विचारून आलेलं हो किंवा नाही तपासू नका. ते त्या क्षणापुरतं उत्तर देतं, वाट बघत नाही. "एक्स्पेक्ट" या तपासणीच्या आज्ञेला थेट लोकेटर, म्हणजे पानावरचा घटक शोधायचा पत्ता, दिला तर तो नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहतो.

मराठी ॲप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ती मला सापडली नाही. प्लेराइटचा सल्ला असा की बटण किंवा रकाना वापरणाऱ्याला दिसतो त्या नावाने शोधा. सल्ला योग्यच आहे. डिझाइन बदललं तरी "जतन करा" हे नाव टिकतं. पण आमची "शेतकऱ्याचे नाव" या रकान्याची टेस्ट एका पानावर चालायची आणि दुसऱ्यावर पडायची. दोन्हीकडे अक्षरं डोळ्यांना तंतोतंत सारखी. घोडं अडलं होतं "ऱ्या"वर. एका ठिकाणी युनिकोडमधला स्वतंत्र "ऱ" टाइप झालेला, दुसरीकडे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दिसायला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन लावूनही हे दोन एक होत नाहीत. कीबोर्ड वेगळा, मजकूर वेगळ्या माणसाने टाकलेला, एवढंच कारण पुरतं. आम्ही भाषेच्या फायलींवर एक तपासणी लावली, जी जॉइनरवाली रूपं शोधून एकाच रूपात आणते. टेस्टचं दुखणं गेलंच, पण शोधपेटीत शेतकऱ्यांची नावं न सापडण्याची तक्रारही गेली.

आकड्यांचंही तसंच. ब्राउझरला लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) भारतीय इंग्रजी दिलं तर सव्वा लाख "1,25,000" असं दिसतं, अमेरिकन दिलं तर "125,000" आणि मराठी दिलं तर आकडेच देवनागरी होतात. टेस्ट चालवणारं मशीन कुठल्या लोकेलवर आहे यावर निकाल सोडू नका. प्लेराइटच्या सेटिंगमध्ये लोकेल आणि टाइमझोन दोन्ही लिहून टाका.

टाइमझोनवरून आठवलं. रात्री चालणाऱ्या टेस्टपैकी एक नेमकी मध्यरात्रीनंतर पडायची, दिवसा कधीच नाही. कोणीही म्हणेल, रात्री सर्व्हर मंद असेल. तसं नव्हतं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत भरलेल्या गाडीची नोंद आदल्या दिवसाच्या तारखेला जात होती. आता आपल्याकडे हंगामात गाड्या भरतात कधी? रात्रीच. टेस्ट खरं बोलत होती, तिला बेभरवशाची म्हणून बाजूला टाकलं असतं तर चुकीच्या तारखेच्या पावत्या व्यापाऱ्यांना मिळत राहिल्या असत्या. आता प्लेराइटच्या घड्याळाने ब्राउझरमधली वेळ पहाटे दोनची ठरवता येते आणि सर्व्हरच्या कोडलाही वेळ बाहेरून देता येते. ३१ मार्चच्या रात्री पट्टीचे क्रमांक नव्या आर्थिक वर्षाचे सुरू होतात का, ही टेस्ट आम्ही भर दुपारीही चालवतो.

डेटाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: प्रत्येक टेस्टने आपला डेटा स्वतः तयार करावा. प्लेराइट दर टेस्टला ब्राउझरचा कोरा कॉन्टेक्स्ट देतं, म्हणजे कुकी आणि लॉगिन एकमेकांत मिसळत नाहीत. पण डेटाबेस सगळ्यांचा एकच असतो आणि तिथे त्याचा हात पोचत नाही. "आजची एकूण आवक" तपासणारी टेस्ट चालू असताना शेजारच्या टेस्टने वीस क्विंटल कांदा नोंदवला की बेरीज गेली. आम्ही प्रत्येक टेस्टसाठी एपीआयने (स्क्रीन न उघडता, थेट सर्व्हरला विनंती पाठवून) नवा व्यापारी उघडतो, त्याचे शेतकरी, त्याच्या पट्ट्या सगळं त्याच्याच खात्यात. सगळ्यांच्या सामायिक खात्यावरच्या टेस्ट म्हणजे सामायिक विहीर: पाणी कोणी उपसलं याची भांडणं संपत नाहीत. साफसफाईही शेवटी करण्यावर विसंबू नका. टेस्ट मध्येच मेली तर शेवट येतच नाही. कोऱ्या खात्याने सुरुवात केली की मागच्याने काय ठेवलं याने फरक पडत नाही.

एसएमएस आणि बँकेच्या सेवा टेस्टमध्ये खोट्या ठेवतो. इथे एक लक्षात घ्या: प्लेराइटचं "राउट" फक्त ब्राउझरमधून जाणाऱ्या विनंत्या अडवतं. आमचा एसएमएस सर्व्हरवरून जातो, तिथे वेगळी खोटी सेवा उभी करावी लागली. आणि खऱ्या सेवेचा साचा बदलला तर कळावं म्हणून रोज रात्री थोड्या टेस्ट खऱ्या चाचणी-सर्व्हरवर जातात, पण त्या लाल झाल्या म्हणून दिवसाचं काम अडत नाही.

ब्राउझरमधून सगळंच तपासायची हौस मात्र आवरा. हमाली-तोलाईच्या दरांची गणितं, पैशांचं पूर्णांकन, अर्धवट क्विंटल, हे सगळं युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडचा एकेक तुकडा वेगळा तपासणाऱ्या टेस्टमध्ये, मिलिसेकंदांत होतं. ब्राउझरमध्ये फक्त व्यापाऱ्याचा खरा प्रवास: लिलाव नोंदवला, पट्टी निघाली, पैसे चुकते झाले.

टेस्ट पडली की पुन्हा चालवायची सोय प्लेराइटमध्ये आहे आणि ती दुधारी आहे. दुसऱ्यांदा पास झालेल्या टेस्टला ते हिरवं म्हणत नाही, "फ्लेकी" असा वेगळा शिक्का मारतं. हा शिक्का कोणी वाचत नसेल तर सोय घातक. आमच्याकडे फ्लेकी दिसली की त्याच दिवशी तिच्या नावाने तिकीट उघडतं आणि त्यावर माणसाचं नाव लागतं. पहिल्या फेरप्रयत्नाला ट्रेस साठवायचं सेटिंग ठेवलंय. ट्रेस उघडला की प्रत्येक पावलाला पान कसं होतं, कुठली विनंती गेली, उत्तर काय आलं, सगळं समोर. "माझ्या मशीनवर चालतं" हा वाद या एका सोयीने संपला. फक्त ट्रेसमध्ये टाइप केलेला मजकूरही साठतो, म्हणून खऱ्या शेतकऱ्याचा फोन किंवा खाते क्रमांक टेस्टमध्ये अजिबात वापरू नका.

मर्यादाही सांगते. त्यातलं वेबकिट म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे, आणि मोबाइलचं सोंग म्हणजे मोबाइल नव्हे. खऱ्या फोनवर हाताने तपासणं आम्ही सोडलेलं नाही. नेटिव्ह ॲपसाठी हे साधन नाहीच. स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्ट ऑपरेटिंग सिस्टीम आणि फॉन्ट बदलले की हलतात, देवनागरीत तर हमखास. आम्ही त्या पट्टीच्या छापील नमुन्यापुरत्या ठेवल्यात आणि एकाच कंटेनरमध्ये (सगळीकडे सारख्या राहणाऱ्या बंदिस्त वातावरणात) चालवतो. रेकॉर्ड करून टेस्ट लिहून देणारं कोडजेन लोकेटर शोधायला बरं, पण नक्की काय तपासायचं ते ठरवणं आपल्यालाच करावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर लायसन्स अपाची २.०, पैसे पडत नाहीत. छोट्या कंपन्यांनाही हे झेपण्यासारखं आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते प्रोसेसरच्या निम्म्या कोअरइतके वर्कर, म्हणजे एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रिया, चालवतं. साध्या लॅपटॉपवर ते जड जात असेल तर दोनवर आणा. सुरुवात करताना जुन्या सगळ्या टेस्ट एकदम उचलू नका. पैशांशी संबंध असलेला एकच प्रवास घ्या, त्याची टेस्ट "रिपीट-ईच" लावून सलग पन्नास वेळा चालवा आणि एकदाही पडली नाही तरच मुख्य शाखेत घ्या. आमच्याकडे नव्या टेस्टला आजही हीच अट आहे.