ठाण्यातला रिटेलचा कोर्स केला, पैसे वसूल झाले का ते सांगते

५ पैकी साडेतीन स्टार. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा क्लास आहे, नाव मुद्दाम घेत नाही कारण खाली थोडी तक्रारपण आहे. मी कळव्याला राहते आणि मॉलमध्ये कपड्यांच्या स्टोअरला पाच वर्षं फ्लोअरवर उभी आहे, प्रमोशन काय होईना म्हणून तीन महिन्यांचा कोर्स केला.

आधी चांगलं. आकडे शिकवले, ते एक नंबर. कन्व्हर्जन म्हणजे काय तर आत आलेल्यांपैकी किती जणांचं बिल झालं, एवढंच, पण पाच वर्षांत मला कोणी हे सांगितलंच नव्हतं, नुसतं टार्गेट टार्गेट ओरडायचे. मी स्टोअरला जाऊन मांडून बघितलं, मंगळवारी ९० माणसं, २७ बिलं, म्हणजे ३०%. शनिवारी ४०० माणसं आणि बिलं ६०! फक्त १५%, आणि आम्ही खूश की गर्दी होती. मग दोन शनिवार नीट लक्ष ठेवलं तर ट्रायल रूमची लाइन बघून लोक कपडे तिथेच रॅकवर टाकून निघून जात होते. मॅनेजरला कागद दाखवला, शनिवारी ट्रायल रूमला एक माणूस वाढवला, आता टीम लीडरच्या इंटरव्ह्यूला माझं नाव गेलंय. बाकी प्लॅनोग्राम (कुठल्या रॅकवर कुठला माल मांडायचा त्याचा नकाशा), श्रिंकेज (चोरी, तुटफूट, हिशोबातल्या चुका यांनी घटलेला माल), जुना माल आधी काढायचा वगैरे ठीक. बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला असं मी बिनधास्त गिऱ्हाइकांना सांगायचे, ते चूक निघालं, तो नंबर भारतात घेतलाय एवढाच अर्थ, माल कुठलाही असू शकतो.

सेलिंग स्किल्सचा भाग मात्र मला पचला नाही. माझे मामा जांभळी नाक्याला साडीच्या दुकानात तीस वर्षं गादीवर बसले, ते म्हणायचे अगं बजेट तोंडाने विचारायचं नाही, मधल्या भावाची साडी आधी उलगडायची आणि बाईचा हात कुठे रेंगाळतो ते बघायचं. इथे तेच चाळीस स्लाइड्समध्ये इंग्लिश नावं लावून. ग्रूमिंगवर दोन दिवस, हसत उभं राहा, ताठ उभं राहा, आणि नऊ तास उभं राहून पायांचं काय होतं यावर एक शब्द नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या स्टाफला बसायची सोय द्यायचा कायदा केला, हे मी वर्गात सांगितलं तर सर म्हणाले तो विषय सिलॅबसमध्ये नाही.

आता तक्रार. "१००% प्लेसमेंट" म्हणजे इंटरव्ह्यूला पाठवतात, बस. माझ्या बॅचच्या एका मुलीला मोठ्या ब्रँडमध्ये नोकरी लागली म्हणून पेढे वाटले आणि लेटर आलं मॅनपॉवर एजन्सीचं, म्हणजे ऑफ-रोल, काम ब्रँडचं पण नोकरी एजन्सीची. तिथे कितीही राबा, वर चढायची शिडीच नसते, मी स्वतः दीड वर्ष तशी काढलीये. त्यामुळे जॉइन व्हायच्या आधी लेटरवर नाव कोणाचं, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) मिळणार का, ग्रॉस (कपातीआधीचा महिन्याचा पगार) २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी (सरकारी आरोग्य विमा) कापतात का, एवढं विचाराच, लाजू नका. आणि सर्टिफिकेट क्लासच्या स्वतःच्या लेटरहेडवर मिळतं. रिटेलची सरकारमान्य स्किल कौन्सिल आहे, रास्की म्हणतात, त्यांची परीक्षा असलेला कोर्स मिळाला तर तोच घ्या, मला हे फी भरल्यावर कळलं.

अगदी फ्रेशर असाल तर आधी सहा महिने कुठल्याही काउंटरला उभे राहा, मगच या, नाहीतर आकडे डोक्यावरून जातील. आणि हो, मेन बॅच शनिवार-रविवार ठेवलीये! रिटेलवाल्याला रविवारी सुट्टी कोण देतं ओ? सकाळी ८ ची वीकडे बॅच मागून घ्या, दहा जण जमले तर सुरू करतात, आमची तशीच झाली.