परिवीक्षा रद्द झाली: अपील की पुनरीक्षण?

मालवणच्या खलाशाची बोट समुद्रात, परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी अटींवर मोकळं सोडणं) अधिकाऱ्याकडची हजेरी चुकली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यातल्या कलम ९ खाली थेट मूळ गुन्ह्याची सहा महिने कैद सुनावली. आता ओरोसच्या सत्र न्यायालयात काय दाखल करायचं?

अपीलच. मुदत ३० दिवस, पण पुरावा नव्याने तपासला जातो. शिक्षेला स्थगितीही मागता येते. मुख्य मुद्दा हा: पहिलीच चूक असताना ५० रुपयांपर्यंतच्या दंडावर का भागवलं नाही? बंधपत्राची, म्हणजे परिवीक्षेच्या अटी पाळण्याच्या लेखी हमीची, प्रत जोडा. नेमकी कुठली अट मोडली, ते तिथेच दिसतं.

पुनरीक्षणाला (रिव्हिजन, म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश कायद्याला धरून आहे का याची वरच्या न्यायालयाकडून तपासणी) ९० दिवस मिळतात, म्हणून अनेकजण निवांत राहतात आणि फसतात. अपिलाची सोय असताना ते न करणाऱ्याचा पुनरीक्षण अर्ज सहसा ऐकलाच जात नाही. नुसता ५० रुपयांचा दंड झाला असेल, तर मात्र पुनरीक्षण हाच रस्ता.