सनरूफ गळतोय: स्वतः साफ करावा, गॅरेजात द्यावा की कंपनीकडे न्यावा?

सनरूफच्या काचेभोवतीचं रबर, म्हणजे बीडिंग, पाऊस बऱ्यापैकी अडवतं, पण पूर्ण अडवत नाही. निसटलेलं पाणी काचेखालच्या पन्हळीत उतरतं आणि पन्हळीच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली जातं. गाडी बनवणाऱ्यांनी हे तसंच धरलेलं असतं. बहुतेक गाड्यांत अशा चार नळ्या असतात. दोन समोरच्या काचेशेजारच्या पिलरमधून उतरतात, दोन मागच्या पिलरमधून. म्हणून डोक्यावर थेंब पडला की पाणी आत कसं आलं यापेक्षा ते बाहेर का गेलं नाही हे आधी बघायचं. गॅरेजात गेल्या गेल्या "बीडिंग बदलूया" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर थोडं थांबा.

गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. उरलेले महिने ती पन्हळ तांबडी धूळ, आंब्याचा मोहोर, गुलमोहराच्या पाकळ्या गोळा करत बसते. किनाऱ्याकडे गाडी लावणाऱ्यांच्या नशिबी सुरूच्या सुया. मिरगाच्या पहिल्या सरीत या सगळ्याचा चिखल होऊन नळीच्या तोंडाशी बसतो. त्यात गाडी पणजीतल्या आल्तिनोसारख्या चढावर नाक खाली करून उभी असेल तर सगळा भार पुढच्या दोन नळ्यांवर येतो. पर्वरीचा उतार उतरताना ब्रेक मारला आणि आरशाजवळच्या लाइटमधून धार लागली, तर पन्हळ पुढून तुडुंब भरली आहे असं समजा.

कोणाकडे जायचं हे ठरवण्याआधी पाणी सनरूफचंच आहे ना, याची खात्री करा. कडक उन्हात एसी लावून फिरल्यावरही डाव्या सीटपुढची मॅटिंग ओली होते आणि छत मात्र कोरडं असतं, तर दोष बहुधा एसीच्या पाण्याच्या नळीचा. वायपरखालच्या जाळीत पानं साचली तरी पाणी डॅशबोर्डखालून आत शिरतं. दाराच्या पॅनेलची खालची कड ओली असेल तर आतला प्लॅस्टिकचा पडदा सुटलेला असतो. छताच्या कापडावर मागे मध्यभागी डाग असेल तर अँटेनाचं बूड तपासा. पुढच्या पिलरचं कव्हर वरून ओलं, किंवा छताच्या कापडाला कोपऱ्यात पिवळट कड आलेली, तर संशय सनरूफवर.

मग कपभर पाण्याची परीक्षा. गाडी सपाट जागी लावा आणि सनरूफ पूर्ण उघडा. पुढच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढं भोक दिसतं, त्यात अर्धा कप पाणी सावकाश ओता. दुसऱ्या कुणाला तरी खाली बघायला बसवा. नळी मोकळी असेल तर पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागराजवळ पाणी ठिबकायला लागतं, सुरुवातीला लालसर. मागची भोकं सगळ्या गाड्यांत हाताला लागत नाहीत. तिथे गाडीची मागची बाजू खाली राहील अशी ती उतारावर लावायची आणि पन्हळीतच पाणी सोडायचं. तीनपैकी एक निकाल येतो. पाणी भोकाशीच साचलं, तर नळी तुंबलेली. भोकातून गेलं पण खाली आलंच नाही आणि आत मॅटिंग ओली झाली, तर नळी आतल्या आत निसटलेली किंवा फाटलेली. चारही नळ्या धो धो वाहताहेत आणि तरीही गळतं, तर पन्हळीला तडा, काचेची पातळी बिघडलेली किंवा बीडिंग मेलेलं. पुढचा सगळा निर्णय या निकालावर ठरतो.

तुंबलेली नळी असेल तर घरीच करा, माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात गवत कापायच्या मशिनीला लावतात ती नायलॉनची दोरी गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते. जाडी दोन-अडीच मिलिमीटर पुरते. टोक लायटरने गोल करून घ्या, नाहीतर ते नळीला ओरखडतं. वरून हळूहळू सरकवा आणि अडलं की जोर न करता फिरवा. मधूनमधून साबणाचं कोमट पाणी सोडा. नळीच्या खालच्या टोकाला काही गाड्यांत रबराची चपटी चोच असते. बऱ्याचदा चिखल तिथेच अडकलेला असतो आणि बोटांनी चोळलं की गोळा बाहेर पडतो. लोखंडी तार किंवा सायकलचा स्पोक मुळीच वापरू नका.

जवळच्या गॅरेजात हेच काम पटकन होतं, पण तिथे एक धोका आहे: "हवा मारतो." कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा वरून मारली की चिखल निघो न निघो, नळी आपल्या जोडावरून निसटू शकते. मग साध्या तुंबण्याचं काम छत उतरवण्यावर जातं. ओळखीच्या मेकॅनिकला आधीच सांगा, दाब अगदी कमी ठेव, नाहीतर खालून व्हॅक्युमने ओढ. हे ऐकून घेणारा माणूस असेल तर गॅरेजच स्वस्त आणि सोयीचं. वाकून बसणं जमत नसेल त्यांनी तर तिथेच जावं.

नळी निसटली असेल तर चित्र बदलतं. पिलरची कव्हरं काढायची, छताचं कापड खाली घ्यायचं, जोड शोधायचा, हे अर्ध्या ते पूर्ण दिवसाचं काम आहे. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर त्या छताच्या याच कडेला बसवलेल्या असतात. बॅटरी न काढता तिथे स्क्रूड्रायव्हर घालणारा मेकॅनिक नको. इथे मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बाजूने आहे, बिल जास्त आलं तरी. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचारच करू नका, आणि प्रत्येक वेळी जॉब कार्डवर "छतातून पाणी" असं लिहून घ्या, नुसतं "वॉटर चेक" नको. वारंवार दुरुस्त करूनही नवी गाडी गळतच राहिली तर हेच कागद ग्राहक आयोगात उपयोगी पडतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

सर्व्हिस सेंटरची दुसरी बाजूही ऐका. पन्हळीसकट अख्खा सनरूफ बदलण्याचं इस्टिमेट सहज पाच आकडी होतं. ते हाती आलं की पन्हळीचा तडा स्वतःच्या डोळ्यांनी दाखवायला सांगा. काचेची पातळी बाजूच्या स्क्रूंनी जुळवता येते. साधारणपणे पुढची कड छतापेक्षा किंचित खाली आणि मागची किंचित वर असावी लागते. हे करून न बघता कुणी थेट अख्खा संच सुचवत असेल तर दुसरीकडे विचारा.

सिलिकॉन लावून काच कायमची बंद करण्याचा जुगाड पुष्कळ जण सुचवतात. नको. तुंबलेल्या नळीचं काही होत नाही, फक्त गळती दुसरीकडून निघते, आणि पुढच्या मेकॅनिकला आधी ते खरवडत बसावं लागतं. बीडिंगला खोबरेल किंवा साधं ग्रीसही लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. वर्षाविहारात धबधब्याखाली गाडी लावण्याची हौस असेल तर चोर्ल्यात आणि आंबोलीत हवं तेवढं पाणी आहे, पण तिथे चारही नळ्या साफ असल्या तरी पन्हळ भरू शकते.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. झीज आणि देखभालीअभावी झालेली गळती साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसत नाही. फांदी पडून काच फुटली तर मात्र दावा होतो. काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लागत नाही, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांना 50 टक्के लागतो.

राहिली ओली मॅटिंग. वरून कोरडी लागली तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि जुलैच्या हवेत तो आपोआप वाळत नाही. सीटखालचे वायरिंगचे जोड हिरवे पडायला वेळ लागत नाही. नळी घरी साफ केलीत तरी हे काम गॅरेजातच द्या: सीट काढून, मॅटिंग उचलून, शेडखाली पंखा लावून दोन दिवस. चतुर्थीच्या तोंडावर मात्र कुठलाही गॅरेजवाला गाडी ठेवून घेत नाही, तेव्हा ऑगस्टपर्यंत वाट बघू नका.