दुकानातला बोलणारा डबा, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आमचं इंदूरला राजेंद्र नगरात छोटं दुकान आहे, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुरडया, पापड, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी, म्हणजे इथल्या मराठी घरांना जे जे पुण्याहून मागवावंसं वाटतं ते सगळं. गल्ल्यावर सासरे, म्हणजे बाबा, बसतात, मी मागे पॅकिंगला. दीड वर्षापूर्वी पेमेंट आलं की बोलणारा तो डबा घेतला, साउंडबॉक्स. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारपण करणारे आणि तसेही सगळ्यांचे डबे उन्नीस-बीसच आहेत.

घेतला का ते आधी. एक मुलगा आला, साडेसहाशेचं सामान घेतलं, बाबांसमोर मोबाइल धरला, हिरवी टिक दिसली, बाबा म्हणाले बरं. पैसे आलेच नाहीत. स्क्रीनशॉट होता का खोटं ॲप होतं देव जाणे. बाबांना साडेसहाशेचं एवढं नाही लागलं, आयुष्यभर नोट बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला कोणी चित्र दाखवून गंडवलं त्याचं लागलं. नोट कशी, हातात घेतली की कळते, उजेडात धरली की गांधीजी दिसतात, तार दिसते, आणि बाबा म्हणतात नोट तर आपल्या शेजारची, देवासला छापते (तिथला छापखाना १९७० च्या दशकातला, गाडीने इथून तासाभरावर). दुसऱ्याच्या मोबाइलवरची टिक काय चोळून बघणार?

तर डबा. सेटिंग सोपं, कंपनीचा मुलगा येऊन दहा मिनिटांत करून गेला. आत त्याचं स्वतःचं सिम असतं, दुकानाचं वायफाय लागत नाही. बॅटरी सुरुवातीला चार दिवस चालायची, आता दोन. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, की डब्यात पैसे नसतात, बातमी असते. ग्राहकाच्या बँकेतून आपल्या बँकेत पैसे यूपीआयने जातात, ते झालं की कंपनीचा सर्व्हर डब्याला निरोप पाठवतो आणि डबा बोलतो. म्हणजे पैसे येऊनसुद्धा डबा गप्प राहू शकतो, निरोप्या अडकला की संपलं.

मागच्या जुलैत तेच झालं. संध्याकाळी साडेसात, धो धो पाऊस, दुकानात चार जण, चौघांचेही मोबाइल म्हणतायत पैसे गेले आणि डबा ढिम्म. कोणी निघेना, सगळे त्या डब्याकडे असे बघतायत जसं काही निकाल लागणारे. बाबांनी वर पाहिलं, एकेकाचा चेहरा बघितला, कुळकर्णी वहिनींना म्हणाले तुम्ही जा हो, दुसऱ्या एका ओळखीच्यांना म्हणाले जा, तिसऱ्या बाई सुदामा नगरातून आलेल्या, पहिल्यांदाच, त्यांच्या पिशवीकडे बघून दोन सेकंद थांबले आणि म्हणाले जा, येतील. चौथ्याला थांबवलं! तो बिचारा वीस मिनिटं थांबला आणि शेवटी रोख देऊन गेला. मी विचारलं का थांबवलं, तर म्हणे त्याने दोनदा घड्याळ बघितलं. आता याला काय म्हणायचं. पाऊस होता, कोणीही घड्याळ बघेल.

गंमत पुढे आहे. डबा चार्जिंगला घरी आणला होता. रात्री साडेअकराला सगळे झोपलेले आणि अंधारात बाई बोलायला लागली, एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले, तीनशे दहा रुपये प्राप्त झाले. बाबा उठून बसले, कोण आलं म्हणून. त्यात त्या घड्याळवाल्याचेपण आले, म्हणजे त्याने दोनदा दिले, दुसऱ्या दिवशी शोधून परत केले. आणि सुदामा नगरच्या बाईंचे २४० आलेच नाहीत. बाबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या, पैसे माझ्या खात्यात परत आलेत म्हणाल्या आणि रोख देऊन गेल्या. तेव्हापासून बाबा डब्याला "तो" म्हणत होते ते "ती" म्हणतात, का ते विचारू नका.

भाषेचा ऑप्शन आहे, मराठी आहे, नक्की लावा. आधी हिंदीत होता तर शेजारचा मोबाइल कव्हरवाला संध्याकाळी येऊन सांगायचा, भिया आज तो अच्छा रहा. त्याने बसल्या बसल्या आमचा गल्ला मोजलेला. गल्ल्यात पैसा पडताना फार तर खुळखुळतो, आकडा ओरडून सांगत नाही ना! मराठीत केल्यापासून त्याला एकोणसत्तर आणि एकोणऐंशीतला फरक कळत नाही. (आमच्या मदतीच्या पोराला हिंदीतलं उनहत्तरपण कळत नव्हतं, तो सिक्स्टी नाइन विचारायचा.)

चिल्लरची कटकट गेली हा सगळ्यात मोठा फायदा. आधी सदतीस रुपये झाले की तीन रुपयांची चॉकलेटं द्यायची, लोक चिडायचे, बरोबरच होतं. दहाच्या नाण्याचं तर विचारू नका, मध्ये अफवा उठली की खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं की १४ डिझाइनची आहेत आणि सगळी चालतात, तरी आमच्या इथे भाजीवाली घेत नव्हती म्हणून आम्ही घेत नव्हतो आणि आम्ही घेत नव्हतो म्हणून गिऱ्हाईक घेत नव्हतं. खरं नाणं, सरकारचा शिक्का, आणि चिल्लरच्या डब्यात दीड वर्ष पडून. बाबा म्हणाले शिक्का कुणाचाही असो, पुढचा घेईल का एवढंच बघतात.

आता तक्रार. भाडं महिन्याला सव्वाशे, खात्यातून आपोआप कापतात. मध्ये डबा बंद पडला, बदलून द्यायला माणूस अकराव्या दिवशी आला, भाडं पूर्ण कापलं. फोन केला तर रेकॉर्ड केलेली बाई, तिच्यापेक्षा आमची डब्यातली बरी. आणि तीन महिन्यांनी कर्जाचे फोन सुरू झाले, मॅडम आपके लिए दो लाख का लोन है, रोज थोडा थोडा कटेगा. मी म्हटलं यांना कसं कळलं आमचं किती होतं? अहो त्यांना नाही तर कुणाला कळणार, रोजचा आकडा त्यांच्याच सर्व्हरवरून येतो. जानेवारी २०२० पासून खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही, मग कंपनी जगणार कशावर, भाड्यावर आणि कर्जावर. आता हे कुठे, तर ज्या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) खांडव्याच्या रेल्वेसाठी इंग्रजांना १ कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांसाठी उसने दिले त्या गावात. मी नंबर ब्लॉक करते, ते नवीन नंबरवरून करतात.

उधारीची वही मात्र तशीच आहे हो. मला वाटलं होतं बंद होईल. झालं उलटंच, आता लोक उधारी महिन्याच्या शेवटी डब्यावर फेडतात आणि वहीत रेघ मारायला बाबांना डबा बोलेपर्यंत पेन धरून बसावं लागतं.

भवानीचं विचारतील म्हणून सांगते. बाबा दिवसाची पहिली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचे. डबा आल्यावर पहिले काही दिवस पहिल्या गिऱ्हाइकाला विनंती करायचे, रोख द्याल का, दहा तरी द्या. आता लक्ष्मीपूजनाला डब्याला हळदकुंकू लावलं, कुंकू स्पीकरच्या जाळीत गेलं, तेव्हापासून आवाज थोडा घोगरा येतो. वॉरंटीत बसत नाही म्हणाले.

साडेतीन स्टार. घ्यायचा असेल तर चार्जरची वायर वेगळी घ्या, बरोबर येते ती दोन महिन्यांत जाते. आणि आवाज चारवर ठेवा, पाचवर घरातली म्हातारी माणसं दचकतात.