मधुमेही रुग्णाची भूलपूर्व तपासणी : रत्नागिरीतील एका रुग्णालयाविषयी अभिप्राय

वडिलांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयात नुकतीच झाली. सर्जन कुशल आहेत, खोल्या स्वच्छ आहेत. मला सविस्तर लिहायचे आहे ते तिथल्या भूलपूर्व तपासणीविषयी, कारण जुना मधुमेह असलेल्या रुग्णाच्या बाबतीत बराचसा धोका भुलीशी निगडित असतो.

भूलतज्ज्ञ बाईंनी आम्हांला आठवडाभर आधीच बोलावले. वडिलांना तोंड उघडायला, जीभ बाहेर काढायला आणि मान मागे न्यायला सांगून झाल्यावर त्यांनी नमस्कार करायला लावला. हात जोडले गेले, पण दोन्ही हातांच्या बोटांमध्ये फट राहिली. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ती सांध्यांभोवतीच्या कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते आणि सांधे ताठरतात. ज्याची बोटे अशी ताठरली आहेत त्याची मानही पुरेशी मागे न जाण्याची शक्यता असते, आणि मग श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते, हे त्यांनी शांतपणे समजावले. म्हणून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणारे कॅमेऱ्याचे उपकरण, त्यांनी आधीच तयार ठेवायला सांगितला. त्यानंतर झोपवून आणि उभे करून रक्तदाब मोजला, कारण मधुमेहाने मज्जातंतू दुबळे झाले असतील तर भुलीत रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

पेजेबद्दल त्यांनी आवर्जून विचारले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पेज हलकी म्हणून सकाळी घेतली जाते. पण ती अन्नातच मोडते, आणि मधुमेहात जठर रिकामे व्हायला उशीर लागत असल्याने ती भुलीच्या वेळी उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. उपास विनाकारण लांबू नये म्हणून वडिलांची शस्त्रक्रिया सकाळी पहिलीच ठेवण्यात आली. साखर १४० ते १८० च्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न होता व ती वारंवार तपासली गेली.

दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. सूचनांचा कागद केवळ इंग्रजीत होता. खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांसाठी तो मराठीतच हवा. शिवाय तपासणीसाठी दुपारपर्यंत बाकावर बसावे लागले, जे इन्सुलिन घेणाऱ्यांना घातक ठरू शकते. सोबत खाणे न्यावे.

औषधांची सगळी पाकिटेही न्यावीत. वडिलांच्या फाइलमध्ये डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीची नोंदच नव्हती. पाकीट पाहूनच बाईंनी ती गोळी शस्त्रक्रियेपूर्वी ३ दिवस बंद करायला सांगितली, कारण तिच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साठून आम्लता वाढू शकते.